विहिरीत सापडलेली घोरपड आणि तिच्या घराची मापं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र:

"विहिरीतला गाळ काढताना हातभर लांबीची घोरपड सापडली. मजूर म्हणाले, मारून टाका नाहीतर आम्हाला द्या. म्हणून मी ती घरी आणली. तीन दिवसांपासून कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात आहे. दूध-भात ठेवतो, तोंड लावत नाही. तिच्यासाठी कायमचा पिंजरा करायचा आहे. किती बाय किती घ्यावा, जाळी कोणती लावावी, उन्हाळ्यात टिनाखाली चालेल का, खायला काय द्यावं? शेजारी म्हणतात हा विषखोपडा आहे, चावला तर माणूस वाचत नाही. कोणी म्हणतं तेल काढा, गुडघ्याला लागतं. मुलांना तर तिचा लळा लागला आहे. कळवा."

भाऊ,

मारायला उठलेल्या माणसांच्या हातून तुम्ही तिला सोडवलंत, हे मोठंच काम केलंत. आता दुसरं काम आजच करा. वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा तुमच्या बीटच्या वनरक्षकाला फोन करा आणि घोरपड त्यांच्या ताब्यात द्या. पिंजऱ्याची मापं पुढे लिहिली आहेत, पण ती पिंजरा बांधण्यासाठी नाहीत. तो घरी का जमत नाही, हे तुमच्या लक्षात यावं यासाठी आहेत.

आधी कायद्याचं. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघ-बिबट ज्या यादीत आहेत त्याच यादीत. तिला पकडणं, घरात ठेवणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि किमान २५,००० रुपये दंड. हौसेसाठी घोरपड पाळायचा परवाना कोणालाही मिळत नाही. असा प्राणी कोणत्याही कारणाने हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. तुमचे ४८ तास उलटून गेले आहेत. त्याने घाबरून तिला रात्री गुपचूप नाल्यात सोडून येऊ नका. विहिरीत पडलेल्या प्राण्याला आतून मार लागलेला असू शकतो. फोनवर आहे तसं सांगा: कधी सापडली, कुठे सापडली, काय खाऊ घातलं. सापडल्याची जागा नेमकी सांगा, कारण तिच्या ओळखीची बिळं, झाडं, पाणी सगळं तिथेच असतं आणि ठीक असेल तर तिला त्याच परिसरात सोडणं चांगलं. जखम असेल तर ती नागपूरला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या, वन्यप्राण्यांवर उपचार होतात अशा ठिकाणी जाईल. ते वनविभाग ठरवेल.

मोबाइलवर "सवाना मॉनिटर" नावाने परदेशी घोरपडी विकणारे दिसतात. तो आफ्रिकेतला वेगळा प्राणी आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा परदेशी प्राणी ठेवणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याचा तोंडी शब्द म्हणजे नोंदणी नव्हे. आणि परदेशी म्हणून गळ्यात मारलेलं पिल्लू आपल्याच वावरातलं निघालं, तर अडकणार तुम्ही.

आता पिंजरा. तुमची घोरपड हातभर आहे म्हणजे अजून लहान आहे. पूर्ण वाढली की शेपटीसकट चार-साडेचार फुटांवर जाते, मोठे नर त्याहूनही लांब. एवढ्या जनावराला परदेशात जाणकार लोक कमीत कमी ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच बंद खोका देतात, आणि तोही अपुराच समजतात. खाली २ फूट ओलसर माती हवी, कारण बीळ खोदल्याशिवाय हा प्राणी राहूच शकत नाही. म्हणजे ६४ घनफूट, अर्ध्या ब्रासहून जास्त माती, वजन अडीच टनांच्या घरात. एका टोकाला ऊन खायची जागा हवी, आणि तिथल्या दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश तापलेला हवा. दुसरं टोक २६-२८ अंशांवर. ती दिवसभर या दोन टोकांमध्ये ये-जा करून आपलं अंग हवं तेवढं गरम ठेवते. बिळात दमटपणा ६०-७० टक्के लागतो. शिवाय अतिनील किरणांची नळी लागते, ती वर्षभराने जळत असली तरी कामाची उरत नाही. हे सगळं विजेवर चालतं, आणि आपल्याकडे लोडशेडिंग किती तास असतं ते तुम्हाला सांगायला नको.

टिनाच्या खुराड्यात यातलं एकही साधत नाही. बाहेर ४५ असताना टिनाखाली ५० च्या वर जातं आणि कुठल्याच कोपऱ्यात गारवा नसतो. अंगाचं तापमान चाळिशीपलीकडे गेलं की घोरपड धोक्यात येते. रानात ती दुपारी बिळात, वारुळात, झाडाच्या ढोलीत शिरते, खुराड्यात तोंड उघडं टाकून धापा टाकते. त्यातून वाचली तरी मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा दमटपणा २० टक्क्यांच्या खाली असतो. अंगातलं पाणी रोज थोडं थोडं कमी होतं, मूत्रपिंडं निकामी होतात, सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साचतात. वरून काही दिसत नाही, महिनोन्‌महिने ती बरी वाटते आणि एक दिवस मरून पडते. नुसत्या मटणावर ठेवली तर कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. मादी असेल आणि अंडी घालायला खोल माती नसेल, तर अंडी पोटातच अडकतात.

जाळीचं वेगळंच. आत्ता जाऊन तिच्या नाकाचं टोक पाहा. कोंबडीजाळीला तोंड लावून बाहेर पडायचा ती सारखा प्रयत्न करते. आधी नाकावरची खवलं पांढुरकी होतात, मग लाल, मग तिथे खपली धरते आणि ती पुन्हा पुन्हा निघते. पुढच्या पायांची नखंही पाहा, षटकोनी जाळीत अडकून ती मुळापासून उपटली जातात. कुशीची कातडी सैल पडली असेल, घडी पडून तशीच राहत असेल आणि डोळे आत गेलेले दिसत असतील, तर अंगात पाणी कमी आहे. वनरक्षकाला हेही सांगा.

ते येईपर्यंतची सोय अशी करा. ५० लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक ड्रम घ्या. घोरपड आत घालण्याआधी तापलेल्या सळईने झाकणाला आणि वरच्या कडेला बोटाएवढी पंचवीसेक भोकं पाडा. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे टोकदार काठ राहतात, ते घासून काढा, नाहीतर तोंड चिरेल. तळाला जुना बारदाना, वर मूठभर कुटार किंवा वाळला पाला. एका कोपऱ्यात पसरट वाटीत बोटभर पाणी, वाटी उलटू नये म्हणून त्यात एक गोटा. झाकणाला दोरी बांधा, कारण ती आतून ढकलते. ड्रम घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको आणि गुरांच्या कोठ्यात तर नकोच, तिथे कुत्रं पोहोचतं. अंधारात ती शांत राहते.

उचलताना उघड्या हाताने नाही. जाड बारदाना दुहेरी करून तिच्यावर टाका, वरूनच एका हाताने मानेमागे आणि दुसऱ्याने मागच्या पायांपुढे धरा. शेपटीला धरून लटकवू नका. आणि कमरेला किंवा मानेला दोरी तर मुळीच नको. ती जीव खाऊन ओढते आणि दोरी मांसात रुतते.

दूध-भात बंद करा. सरपटणाऱ्या प्राण्याला दूध पचत नाही आणि भात हे तिचं अन्नच नाही. दोन दिवस काही खाल्लं नाही तर तिचं बिघडत नाही, तेव्हा बळेबळे भरवू नका. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, रॉकेल, इंजिन ऑइल काही लावू नका.

विषखोपड्याचं. घोरपडीच्या पिल्लाचे पट्टे आणि ठिपके ठळक असतात, म्हणून तो निराळा विषारी प्राणी आहे असं लोक मानतात. तसा प्राणी नाही, ते घोरपडीचंच पिल्लू असतं. तिच्या चाव्याने माणूस मरत नाही, सर्पदंशाचं इंजेक्शन लागत नाही. पण दात मागे वळलेले असतात, ती चावली की सोडत नाही आणि झटका देऊन हात ओढला तर कातडी फाटते. चावलीच तर तिला जमिनीवर टेकू द्या, बहुतेक वेळा ती स्वतःच सोडते. मग साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. शेपटीचा फटका डोळ्याला लागू देऊ नका. मुलांनी तिला हात लावला असेल तर साबणाने हात धुवायला लावा. तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, त्याने लहान मुलांना जोराची हगवण लागते.

तुमचा खरा प्रश्न असा आहे की सोडली तर मारतील, मग वाचवायची कशी. तिला घर द्यायचंच असेल तर ते वावरात द्या. त्याला परवाना लागत नाही, वीज लागत नाही आणि ती एकटीच काय, तिची पिल्लंही तिथे राहतील.

धुऱ्यावर किंवा नाल्याच्या काठाला मुरमाड, उताराची जागा निवडा. काळ्या मातीत करू नका. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून सगळं ढासळतं. घरापासून आणि रोजच्या पायवाटेपासून शंभर पावलं तरी लांब असू द्या. उतारात आडवा चर खणा, ५ फूट लांब, २ फूट रुंद. चराच्या आतल्या टोकाला वेचणीचे गोटे रचून २ फूट लांब, दीड फूट रुंद, १ फूट उंच पोकळी करा आणि वर फरशी किंवा सपाट दगड टाका. सिमेंट लावू नका, दगडांमधल्या फटीतूनच ओल येते. या पोकळीपासून बाहेरपर्यंत ६ इंची सिमेंट पाइपचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांना काढा. एक तोंड मुंगसाने अडवलं तर दुसऱ्यातून सुटता आलं पाहिजे. पाइपचं बाहेरचं तोंड आतल्या टोकापेक्षा चार बोटं खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. पीव्हीसी पाइप वापरू नका, त्यात नखं घसरतात. वर २ फूट माती चढवा. एवढ्या मातीखाली नवतप्यातली झळही फारशी पोहोचत नाही. मातीवर पुन्हा गोट्यांचा ढीग, आणि पूर्वेच्या बाजूला दोन-तीन रुंद सपाट दगड, सकाळचं ऊन खायला. पश्चिमेला बोर किंवा करवंद लावा. काट्यामुळे कुत्री येत नाहीत आणि दुपारी सावली मिळते. काम मृगाच्या आधी उरका, पहिल्या पावसात माती बसते.

अशा ढिगात उंदीर येतील, तोच तिचा चारा. सापही येऊ शकतात, म्हणून ढिगात हात घालायचा नाही हे मजुरांना आणि मुलांना बजावून ठेवा. जवळच सावलीत २ फूट रुंद, ३ इंच खोल सिमेंटची पसरट कुंडी जमिनीच्या पातळीत गाडा, आत उतरायला एक दगड ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाआड भरा.

वारूळ फोडू नका, त्यावर पावडर टाकू नका. पावसाळ्यात मादी बऱ्याचदा वारुळात खोदून अंडी घालते आणि ती उबायला कित्येक महिने लागतात. म्हणजे जानेवारीत रिकामं वाटणारं वारूळ तेव्हा भरलेलं असू शकतं. मोहाची, कडुनिंबाची पोकळ ढोलीची जुनी झाडं राहू द्या, लहान घोरपडी जास्त करून झाडावरच राहतात. पऱ्हाटीचे ढीग पेटवण्याआधी ते एकदा हलवून घ्या.

विहिरीचं यावर्षीच करा, नाहीतर पुढच्या मेमध्ये दुसरी घोरपड सापडेल आणि ती जिवंत नसेल. दगडी बांधणीच्या जुन्या विहिरीतून घोरपड फटीत नखं रोवून वर येते. सिमेंटच्या रिंगच्या विहिरीत चढायला काही धरताच येत नाही. पोहते, दमते, बुडते. काठावर अडीच-तीन फुटांचा कठडा बांधा आणि त्याला बाहेरून गुळगुळीत गिलावा करा. आत एक जाड बांबू सोडा, काठापासून उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली जाईल एवढा, लागला तर दोन जोडून. त्याला काथ्याचा दोर चार-चार बोटांवर गुंडाळत जा. नायलॉन नको, तो ओला झाला की नखं टिकत नाहीत. वरचं टोक खुंटीला पक्कं बांधा आणि ते कठड्याच्या वर येऊ द्या, नाहीतर वर आलेला प्राणी कठड्याला आतून अडतो. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात तर चारही बाजूंना दोन-दोन फूट रुंद काथ्याची चटई पाण्यापर्यंत सोडा. मासेमारीची बारीक जाळी मात्र कुठेच नको, तिच्यात मान अडकून प्राणी मरतात.

उंदरांना ब्रोमाडिओलोनचं विष घालू नका. ते मेलेल्या उंदराच्या यकृतात राहतं आणि असे उंदीर खाणाऱ्या घोरपडीच्या, घुबडाच्या अंगातही जातं. खटक्याचा सापळा लावा. रानडुकरांसाठी झटका मशीन असेल तर खालची तार जमिनीपासून ९-१० इंच वर ठेवा. घोरपड तारेखालून जाताना पाठ लागली की मागे वळत नाही, तिथेच दबून बसते आणि झटके खात राहते. मेन लाइनचा थेट करंट सोडणाऱ्यांबद्दल काय लिहावं, त्यात दरवर्षी माणसंही मरतात.

तिला वावरात जागा दिली म्हणजे कोंबड्यांचा प्रश्न येणारच. घोरपड अंडी आणि लहान पिल्लं खाते, हे खोटं नाही. पण लोक खुराडं बंद करतात ते रात्री, आणि घोरपड येते ती दिवसा. साधारण ९ पासून ऊन कडक होईपर्यंत आणि पुन्हा ४ नंतर. अंडी सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला गोळा करा. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, कोंबडीजाळी नको, ती वाकवून फट करते. जाळीची खालची कड १ फूट बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा. ती भिंतीला लागून खोदायला लागते आणि जाळीवर अडते. दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. अंड्यांच्या टोपल्या ३ फूट उंच ठेवल्या तर खांबांना दीड फूट रुंद गुळगुळीत टिनाचा पत्रा गुंडाळा, त्यावर तिला चढता येत नाही. एवढं केलं की कोंबडी आणि घोरपड एकाच वावरात नांदतात. वर ती हुमणी, टोळ, विंचू, गोगलगाय, खेकडे, उंदीर खाते, तो फायदा वेगळा.

मुलांचा लळा मोडू नका. ढिगापासून चाळीस पावलांवर झाडाआड बसून सकाळी ८ ते १० पाहायला लावा. जीभ बाहेर काढत, नाकाने पाला उकरत ती कशी फिरते, ऊन खाताना अंग चपटं कसं करते, हे त्यांना पिंजऱ्यात कधी दिसणार नाही.

तेलाचं एवढंच, की घोरपडीच्या चरबीने गुडघ्याचं दुखणं बरं होत नाही. बरं वाटतं ते चोळण्याने आणि शेकण्याने, ते तिळाच्या तेलानेही होतं. "हाथाजोडी" म्हणून बाजारात जे मूळ विकतात, ते मूळ नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, तेव्हा तेही घरात ठेवू नका, तो गुन्हाच आहे. आणि तुमच्याकडे घोरपड मागणाऱ्यांपैकी कोणी पुन्हा आलं, किंवा गावात कोणी तेल, कातडं, मटण विकताना दिसलं, तर त्याच १९२६ वर कळवा.